सरकारी की खासगी? एका ऑपरेशनची गोष्ट

(दि. २९ डिसेंबर २०२४ रोजी १९७८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘निवृत्तीनंतरचं आयुष्य’ या विषयावर दहा मिनिटं बोल. मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. भाषणाची सवय नाही. पाना-स्क्रूड्रायव्हर द्या, काम करून देतो. पण सकाळपासून इथे बघतोय. चहा घेताना, नाश्ता करताना, आता भरीत-पुरीची वाट बघताना आपण सगळे एकच बोलतोय. तुझी शुगर किती? तुझा गुडघा कसा? मोतीबिंदू काढला का? कुठे काढला? किती लागले? म्हणजे निवृत्तीनंतरचं आयुष्य काय असतं ते आपण सकाळपासूनच बोलतोय. म्हणून मी ठरवलं, त्याबद्दलच बोलावं. ऑपरेशन सांगितलंय, पण घाई नाही. अशा वेळी सरकारीत जायचं की खासगीत?

आधी आपल्याच वर्गातल्या एकाची गोष्ट सांगतो. तो इथे बसलाय. काल रात्री त्याला विचारलं, सांगू का? म्हणाला, सांग, फक्त नाव घेऊ नको. ज्यांना माहीत आहे त्यांनी मागे वळून बघू नका.

त्याच्या जांघेत गाठ यायची. खोकलं की यायची, आडवं झालं की आत जायची. हर्निया. जुनी माणसं अंतर्गळ म्हणायची. सहा वर्षं त्याने ती अंगावर काढली. कमरेला पट्टा बांधायचा आणि पाठीवर फवारणीचा पंप घेऊन कपाशीत जायचा. मी त्याला दोनदा बोललो. दोन्ही वेळा एकच उत्तर : “देखसूत, काय घाई शे?” खासगीला पैसे नव्हते, आणि सरकारी म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर त्याचे वडील. ते सिव्हिलमध्ये गेले ते घरी आले नाहीत. ती गोष्ट १९८३ सालची. तेवढ्यावर त्याने चाळीस वर्षांचा निकाल लावून टाकला होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये एका रात्री गाठ बाहेर आली ती आत जाईना. दगडासारखी झाली. उलट्या सुरू झाल्या. पहाटे शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये टाकून त्याला पारोळ्याहून धुळ्याला नेलं. त्या वेळी सरकारी की खासगी हा प्रश्नच राहिला नाही. जे दार पहिलं उघडं दिसलं, तिथे गेले. आतडं अडकून काळं पडलं होतं, तुकडा कापून काढावा लागला. जीव वाचला. डॉक्टरांनी चांगलं काम केलं, त्यात शंका नाही. पण एकोणीस दिवस राहावं लागलं, आणि बिल भागवायला बैलजोडी विकावी लागली. त्या वर्षी पोळ्याला त्याच्या दारात बैल नव्हते. मी गेलो होतो. त्याच्या आईने पुरणपोळी केली होती आणि नैवेद्याचं ताट हातात धरून गोठ्याच्या दारात उभी होती.

मित्रांनो, आपण सरकारी की खासगी यावर तावातावाने बोलतो. पण तिसराही एक पर्याय असतो आणि आपल्यातले निम्मे लोक तोच घेतात. ‘देखसूत.’ त्याचं बिल सगळ्यात मोठं येतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, नाहीतर तुम्ही घाबरून जाल. प्रत्येक हर्नियाला लगेच ऑपरेशन लागतंच असं नाही. माझ्या डॉक्टरांनीच मला सांगितलं. अमेरिकेत ७२० पुरुषांवर एक अभ्यास झाला, तो २००६ मध्ये छापून आला. ज्यांना फारसा त्रास नाही, त्यांनी लक्ष ठेवून थांबलं तरी चालतं, अचानक अडकण्याचं प्रमाण फार थोडं, असं त्यात दिसलं. पण पुढच्या दहा वर्षांत थांबलेल्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांनी ऑपरेशन करून घेतलंच, मुख्यतः दुखणं वाढलं म्हणून. तेव्हा डॉक्टरला दाखवून थांबणं वेगळं आणि भिऊन थांबणं वेगळं. आपल्या मित्राला त्रास होत होता, गाठ वाढत होती, आणि त्याने ती सहा वर्षांत एकाही डॉक्टरला दाखवली नाही.

आता माझं सांगतो. त्याआधी २०१२ चं थोडं सांगावं लागेल.

मार्च २०१२. माझी नोकरी धुळ्याला. आमच्या घरच्यांच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, आजच दाखल करा. मी केलं. पुढे काही गुंतागुंत झाली, आणखी एक ऑपरेशन झालं, बिल एक लाख साठ हजार. धुळ्यात एक प्लॉट घेऊन ठेवला होता, तो विकला. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता, त्याचं एक वर्ष गेलं. मला कोणी फसवलं असं मी म्हणत नाही. मी एकही प्रश्न विचारला नाही, हे मात्र खरं. आजच का? आठवड्याने चालेल का? एकूण किती लागतील? काही विचारलं नाही. गाडीचं इंजिन उघडायच्या आधी मी ड्रायव्हरला दहा प्रश्न विचारायचो. बायकोच्या पोटाबद्दल एकही नाही.

आणि नशीब बघा. त्याच वर्षी २ जुलैला सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात राज्यातले फक्त आठ जिल्हे होते, आणि त्यात आपलं धुळं होतं. आम्ही तीन-साडेतीन महिने आधी प्लॉट विकून मोकळे झालो होतो. आपल्या जळगावला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मलाच जांघेत गाठ दिसली. आयुष्यभर बसची चाकं आणि गिअरबॉक्स उचलले, त्याचं बक्षीस. मित्राचा प्रकार तीन महिन्यांपूर्वीच पाहिलेला. या वेळी ठरवलं, देखसूत म्हणायचं नाही आणि न विचारता सहीही करायची नाही.

आधी जळगावला एका खासगी सर्जनकडे गेलो. माणूस सज्जन. त्यांनी नीट तपासलं, कागदावर चित्र काढून समजावलं. आतल्या भिंतीला भोक पडलंय, त्यावर जाळी बसवायची. दोन पद्धती. उघडं ऑपरेशन आणि दुर्बिणीतून. उघड्याचे साधारण पासष्ट हजार, दुर्बिणीचे नव्वद. मी विचारलं, साहेब, नव्वदवालं जास्त चांगलं का? ते खरं बोलले. म्हणाले, दुर्बिणीच्या ऑपरेशनने माणूस लवकर कामाला लागतो, दुखणं कमी राहतं. दोन्ही बाजूंना हर्निया असेल, किंवा आधी उघडं ऑपरेशन होऊन पुन्हा उद्भवला असेल, तर ते सोयीचं. पण त्याला पूर्ण भूल लागते. तुम्हाला एकाच बाजूला आहे, पहिल्यांदाच आहे आणि विडी ओढून छाती खराब करून घेतली आहे. तुम्हाला उघडंसुद्धा तितकंच चालेल, ते कमरेतून भूल देऊन होतं.

त्या पाच मिनिटांची फी मी आनंदाने दिली.

घरी आलो, पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, “आप्पा, नव्वदवालं करून टाका, पैसे मी पाठवतो.” मी म्हटलं, सरकारीत चौकशी करून बघतो. पलीकडे एकदम शांतता. मग म्हणाला, “मी कशासाठी कमावतोय? उद्या लोक म्हणतील, मुलगा पुण्यात कंपनीत आहे आणि बाप सिव्हिलच्या खाटेवर पडलाय.” घरच्यांचंही तेच म्हणणं. दोन दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. २०१२ मध्ये आईसाठी तो काही करू शकला नव्हता, ती सल आहे. मी त्याला म्हटलं, बाळा, तुझे पैसे मला नकोत असं नाही. पण तुझ्या घराचा हप्ता चालू आहे, माझी पेन्शन तीन हजारांच्या आसपास. हे ऑपरेशन घाईचं नाही. निवांत चौकशी करायची संधी मला पहिल्यांदाच मिळाली आहे, ती वापरू दे. सरकारीत मनाला पटलं नाही, तर तुझ्या नव्वद हजारांनी करू. यावर तो तयार झाला.

मग मी सरकारी रुग्णालयात गेलो. कोणत्या, ते मुद्दाम सांगत नाही. चांगलं-वाईट जे सांगणार आहे, ते एका इमारतीवर कोणी चिकटवू नये. आपल्या भागात आज दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुनं आहे, जळगावचं २०१८ मध्ये सुरू झालं. महाविद्यालय आलं की प्राध्यापक येतात, निवासी डॉक्टर येतात, भूलतज्ज्ञ येतात. आपल्या मित्राच्या डोळ्यांसमोरचं १९८३ चं सिव्हिल आणि आजचं रुग्णालय एक नाही, हे तिथे गेल्यावर कळतं.

पण सगळं गोडही नाही. पहिल्या दिवशी केसपेपरच्या रांगेत दीड तास गेला. नंतर कळलं, सर्जरीचे युनिट असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. त्याच डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं तर त्याच वारी जायचं. हे कोणी सांगत नाही, आपण विचारायचं. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञांची तपासणी यात चार खेपा झाल्या. छातीमुळे त्यांनी सांगितलं, सहा आठवडे विडी बंद, मगच तारीख. मी पंचेचाळीस वर्षांची विडी त्या दिवशी सोडली. खासगीत विडी सोडा म्हणाले होते. सरकारीत सोडल्याशिवाय तारीखच देईनात!

मी युनिटच्या मोठ्या डॉक्टरांना सरळ विचारलं, “साहेब, हात कुणाचा असणार? शिकाऊ मुलांचा की तुमचा?” ते हसले. म्हणाले, “ऑपरेशन निवासी डॉक्टर करतील, मी समोर उभा असेन. अवघड वाटलं तर मी करीन. हे ऑपरेशन आमच्याकडे आठवड्याला कितीतरी होतं.” मी वर्कशॉपमधला माणूस. तिथे हेल्पर काम करतो, चार्जमन बघतो आणि गाडी सुरक्षित सुटते. मला ते पटलं.

तारीख मिळाली. ती दोनदा पुढे गेली. एकदा अपघाताचे रुग्ण आले म्हणून, एकदा थिएटरमधल्या काही दुरुस्तीमुळे. दुसऱ्यांदा मी रात्रीपासून उपाशी होतो आणि दुपारी एकला सांगितलं, आज नाही. त्या दिवशी मला रडू आलं, हे इथे कबूल करतो. मुलाला फोन करून म्हणणार होतो, पाठव पैसे. पण बाजूच्या खाटेवर धडगावकडचा एक आदिवासी म्हातारा होता, त्याची तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली होती. तो म्हणाला, “होईल भाऊ. घाईवाल्याचा नंबर आधी.” मला लाज वाटली. माझी तारीख ज्याच्यामुळे गेली, तो अपघातातला माणूस म्हणजे आपला मित्रही असू शकला असता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑपरेशन झालं. कमरेतून इंजेक्शन, तास-सव्वा तासाचं काम. तिसऱ्या दिवशी सुट्टी. जाळी आणि काही औषधं बाहेरून आणावी लागली. जाण्या-येण्याचं, सोबतच्या माणसाच्या जेवणाचं धरून सगळे मिळून सात हजारांच्या आत. आज जवळपास दोन वर्षं झाली. सकाळी पाच किलोमीटर चालतो. विडी नाही.

म्हणून मी म्हणतो का की सगळ्यांनी सरकारीतच जा? नाही. त्याच वर्षी आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मोतीबिंदूचं ऑपरेशन खासगीत केलं आणि तिने बरोबर केलं. ती एकटी राहते, सोबत चार खेपा घालायला कोणी नाही, आणि तिच्या पेन्शनला तो खर्च जड नव्हता. ज्याला रोजंदारी बुडवून सहा वेळा खेपा घालणं परवडत नाही, त्याने तो खर्चसुद्धा हिशेबात धरावा. सरकारीत पैसे कमी आणि दिवस जास्त लागतात. खासगीत दिवस कमी आणि पैसे जास्त. तुमच्याकडे काय आहे, ते आधी बघा.

मी स्वतःला चार प्रश्न विचारले होते, ते सांगतो. पहिला, खरंच ऑपरेशन लागतं का, आणि किती थांबलं तर चालेल? हे एकाला नाही, दोन डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा आपला हक्क आहे. दुसरा, एकूण किती? नुसतं ‘पॅकेज’ नको. त्यात जाळी आली का, भूलतज्ज्ञ आले का, तपासण्या आल्या का? २०२१ पासून राज्यात नियम आहे, खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. वाचायला लाजू नका. तिसरा, मध्येच गुंतागुंत झाली तर इथे सोय आहे का? अतिदक्षता विभाग, रक्त, रात्रीचा डॉक्टर? लहान खासगी दवाखान्यात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. चौथा, सोबत कोण?

आणि योजनेचं विचारा. १ जुलै २०२४ पासून फुले योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू झाली आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या खासगी रुग्णालयांतही ती चालते, पण काही ऑपरेशन फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवली आहेत. म्हणून तुमचं ऑपरेशन कुठे बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, शेजाऱ्याला नको. नाहीतर १५५३८८ वर फोन करा. रेशनकार्ड, आधार बरोबर ठेवा, आणि दाखल होण्याआधी विचारा. माझ्या आवडीचा भाग सांगू? घरी परतायचं एस.टी.चं भाडंसुद्धा त्यात धरलेलं आहे.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याची, तिथे थोडी फी असते. त्यावरून खिडकीवर भांडू नका. तिथल्या बाईंचा त्यात दोष नाही.

आता आपल्या गुरुजनांसाठी. सर, बाई, तुम्ही सगळे सत्तरीच्या पुढचे आहात. गेल्या २९ ऑक्टोबरला केंद्र सरकारने सत्तर आणि त्यापुढच्या प्रत्येकासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू केलं. उत्पन्नाची अट नाही. आधारकार्डावर निघतं. आमच्यातली दोन मुलं, म्हणजे बासष्ट वर्षांची मुलं, मोबाइल घेऊन चहाच्या टेबलाजवळ बसणार आहेत. जेवणानंतर तुमची नोंदणी करून देतील. गणित चुकलं म्हणून तुम्ही आमचे कान ओढले, तेवढं तरी आम्हाला करू द्या.

शेवटचं सांगतो आणि थांबतो, भरीत गार होतंय.

सरकारी रुग्णालयात मी सगळ्यात जास्त कशाची कमतरता पाहिली? डॉक्टरांची नाही, औषधांचीही नाही. सोबतीच्या माणसाची. रिपोर्ट आणायला एक, खाटेजवळ एक. माझा मुलगा तीन दिवस रजा काढून आला. जो आधी सिव्हिल नको म्हणत होता, तोच रांगेत उभा राहिला आणि त्या धडगावच्या म्हाताऱ्याचाही एक्स-रे आणून दिला. त्याला कोणी नव्हतं. घरी जाताना मुलगा मला म्हणाला, “आप्पा, मी पैसे द्यायला आलो होतो, तुम्ही मला दिवस द्यायला लावले.”

तिकडे दाराजवळच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. वर्गणी नको. नाव, गाव, आणि महिन्यातला कोणता दिवस रुग्णालयात एखाद्या वर्गमित्राजवळ बसू शकाल, एवढंच लिहा. धुळ्यातल्यांनी धुळ्याचं, जळगावातल्यांनी जळगावचं. पुण्या-मुंबईच्यांनी तिकडचं. मग कोणाला ऑपरेशन सांगितलं की तो वहीवाल्याला फोन करील. सरकारी की खासगी, ते त्याचं तो ठरवील. पण एकटा ठरवणार नाही, आणि ‘देखसूत’ म्हणणार नाही.

पहिलं नाव सकाळीच लिहिलं गेलंय. ज्याची बैलजोडी गेली, त्याचं. त्याने दिवसाच्या रकान्यात लिहिलंय, ‘कव्हाबी’.



(संपादकांची टीप : मेळावा संपला तेव्हा वहीत सत्तेचाळीस नावे होती. वही सध्या पारोळ्यात वक्त्यांकडेच आहे.)